हलत नाही, हीच काळजी!

वाटीतली आमटी आधी डावीकडे कलली, मग उजवीकडे. मी वाटीला हातही लावला नव्हता. भिंतीवरचे कॅलेंडर खिळ्याला धरून झोके घेऊ लागले आणि फडताळातले काचेचे पेले एकमेकांशी किणकिणू लागले. क्षणभर वाटले, आपल्यालाच घेरी आली. साठी उलटलेल्या माणसाला जगातला प्रत्येक हेलकावा आधी आपल्या रक्तदाबाचाच वाटतो!

"मामा, टेबलाखाली या!" भाची ओरडली.

मी टेबलाखाली गेलो. गुडघ्यांनी तक्रार केली, पण ती ऐकायला वेळ नव्हता. शेजारी भाची, पलीकडे जावई आणि मध्ये माझे पानावरून पडलेले लिंबाचे लोणचे, अशी आमची बैठक काही क्षण चालली. घर हलायचे थांबले तशी भाची उठली आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, "आता चपला घाला आणि खाली चला. लिफ्ट नको, जिन्याने."

तारीख २३ एप्रिल २०२५. वेळ दुपारी एकाला अकरा मिनिटे कमी. स्थळ, इस्तंबूल शहराच्या आशियाकडील काठावरचे मोडा नावाचे जुने, झाडांनी भरलेले उपनगर. त्या दिवशी तुर्कस्तानात राष्ट्रीय सुट्टी असते, मुलांचा सण असतो. रस्तोरस्ती लाल निशाणे लागलेली आणि पोरे नवे कपडे घालून हिंडत होती. दहा मिनिटांत सगळे मोडा समुद्रकाठच्या बागेत उतरले. कुणाच्या हातात मूल, कुणाच्या काखेत मांजर, कुणी अर्धी दाढी केलेला.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई मात्र सर्वांत व्यवस्थित होत्या. पायात बूट, अंगात कोट, पाठीला पिशवी. तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'तेझे' म्हणतात, म्हणजे आपली मावशी. या तेझेंनी १९९९ चा भूकंप पाहिलेला. तेव्हापासून त्यांच्या दाराशी ती पिशवी कायम टांगलेली असते. पाणी, बिस्किटे, बॅटरी, रक्तदाबाच्या गोळ्या, घराच्या कागदांच्या नकला आणि एक शिट्टी. शिट्टी कशाला, हे मी विचारले नाही. विचारायची गरज नव्हती. ढिगाऱ्याखालून माणसाचा आवाज फार वेळ निघत नाही.

भूकंप ६.२ तीव्रतेचा होता, असे थोड्या वेळाने कळले. १९९९ नंतर त्या भागातला हा सर्वांत मोठा. केंद्र शहराच्या पश्चिमेला, सिलिव्री गावासमोर, समुद्राच्या तळाखाली. मोठी पडझड झाली नाही. दोनशेहून अधिक माणसे जखमी झाली खरी, पण त्यांतली बहुतेक घाबरून उंचावरून उड्या टाकल्यामुळे. कितीएक कुटुंबांनी ती रात्र बागांत आणि मोटारींत काढली. आम्हीही दहा वाजेपर्यंत बाकावर बसून होतो. समोर मार्मराचा समुद्र पसरलेला, आणि तो इतका शांत, की हे सारे याच्याच पोटात घडले यावर विश्वास बसू नये.

मला त्या रात्री आमचे कऱ्हाडचे घर आठवत होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वडिलांनी मला रजईसकट उचलून अंगणात आणल्याचे स्मरते. आजी म्हणाली, शेषाने डोके हलवले. पुढे शाळेत मास्तरांनी शिवसागर जलाशय, खडक, भेगा असे काहीबाही फळ्यावर काढून दाखवले; पण माझी समजूत पटली होती ती आजीच्याच उत्तराने. गंमत अशी, की त्याच १९६७ सालच्या जुलैत तुर्कस्तानातही मोठा भूकंप झाला होता. तो ज्या भेगेवर झाला, तिच्याच शेजारी आज मी बसलो होतो.

मी जन्मभर सहकारी संस्थांची दप्तरे तपासली. दप्तर तपासणाऱ्याची एक खोड असते. त्याला 'अंदाजे' या शब्दाचा राग येतो. बागेत जो तो म्हणत होता, "खरा मोठा अजून यायचाय." मी जावयाला विचारले, "हे कोण म्हणते? कशावरून म्हणते? समुद्राखालची जमीन यांनी मोजली आहे का?"

जावई म्हणाले, "मोजली आहे, मामा. पण ते माझ्याकडून नका ऐकू. रविवारी आपण बेटांवर जाऊ, तेव्हा एका बाईंशी तुमची गाठ घालून देतो."

त्या बाई विद्यापीठात भूभौतिकशास्त्र शिकवतात. रविवारी कादिकॉयच्या धक्क्यावरून आम्ही बोटीत बसलो. तिथल्या बोटीत कमरेशी निमुळत्या काचेच्या पेल्यांतून बिनदुधाचा चहा फिरतो आणि लोक पावाची कडी मोडून समुद्रपक्ष्यांना उडत्या उडत्या भरवतात. समोर राजपुत्रांची बेटे दिसत होती. बायझंटाइन काळात नको झालेल्या राजपुत्रांना तिथे कोंडून ठेवत, म्हणून हे नाव. बाईंनी चहाचा पेला टेबलावर ठेवला आणि बोटाने बेटांच्या पलीकडे दाखवून म्हटले, "ती तिथे आहे. बेटांच्या थोडी दक्षिणेला. तिथे समुद्रतळ एकदम हजार मीटरहून अधिक खोल उतरतो."

ती म्हणजे उत्तर अनातोलियाची भेग. शास्त्रज्ञ तिला भ्रंश म्हणतात. तुर्कस्तानच्या पूर्वेकडून निघून ती देशाच्या उत्तर भागातून बाराशे किलोमीटरहून अधिक लांब पश्चिमेकडे जाते. अरबस्तानचा भूभाग दक्षिणेकडून वर रेटतो आहे. वर युरेशियाचा प्रचंड भूभाग जागा द्यायला तयार नाही. मधल्या मध्ये तुर्कस्तानची जमीन ओल्या साबणाची वडी चिमटीतून निसटावी तशी पश्चिमेला निसटते. वेग वर्षाला दोन ते अडीच सेंटिमीटर. ही गोष्ट प्रथम नीट मांडली ती इहसान केतिन या तुर्की भूशास्त्रज्ञाने, १९४८ साली. त्याच्या डोळ्यांसमोर भूकंपांची रांगच लागली होती. १९३९ च्या डिसेंबरात पूर्वेकडे एर्झिन्जानला जमीन फाटली, सुमारे ३३ हजार माणसे गेली. मग १९४२, १९४३, १९४४. प्रत्येक वेळी भेगेचा जवळजवळ पुढचा, पश्चिमेकडचा तुकडा तुटे. नंतर १९५७, आणि ते १९६७.

असे का व्हावे? कापड एका जागी टरकले की सगळा ताण लगतच्या धाग्यांवर येतो, तसेच हे. १९९७ साली रॉस स्टाइन, आय्कुत बार्का आणि जेम्स डिटेरिक या तिघांनी हा ताणाचा हिशेब गणिताने मांडला आणि पुढे कुठे ताण साचला आहे ते दाखवले. त्यांत इझमित शहराचे नाव होते. दोन वर्षांनी, १७ ऑगस्ट १९९९ च्या पहाटे तीन वाजून दोन मिनिटांनी, इझमितजवळ जमीन तुटली. काही ठिकाणी कुंपणे आणि रस्ते पाच मीटरपर्यंत बाजूला सरकले. सरकारी आकड्याप्रमाणे सतरा हजारांहून अधिक माणसे दगावली. हिशेब बरोबर आला तर हिशेबनिसाला आनंद होतो. या हिशेबाने मात्र कुणाला आनंद झाला असेल असे वाटत नाही.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. इझमितच्या पश्चिमेला ही भेग समुद्रात शिरते. मार्मराच्या पश्चिम टोकाला ती पुन्हा जमिनीवर येते, आणि तिथे १९१२ च्या ऑगस्टात भूकंप होऊन गेलेला आहे. म्हणजे पूर्वेचा तुकडा १९९९ ला तुटला, पश्चिमेचा १९१२ ला. मधला, इस्तंबूलसमोरचा, समुद्राखालचा तुकडा शेवटचा मोठा तुटला तो १७६६ साली. तेव्हा आपल्याकडे पुण्यास थोरले माधवराव पेशवे होते. त्या वर्षी मे आणि ऑगस्ट महिन्यांत दोन भूकंप झाले आणि मेच्या भूकंपात फातिह मशिदीचा घुमट कोसळला. आज दिसते ती त्यानंतर बांधलेली. त्याही आधी १५०९ साली असा हाहाकार झाला होता, की लोकांनी त्याला 'धाकटी कयामत' हे नाव दिले. म्हणजे ही खतावणी जुनी आहे. आणि आज या किनाऱ्यावर दीड कोटीहून जास्त माणसे राहतात.

"पण बाई," मी म्हटले, "१७६६ पासून ती भेग नुसती बसून आहे, की हळूहळू सरकते आहे? सरकत असेल तर मग काळजी कसली?"

बाई हसल्या. "तुम्ही नेमका तोच प्रश्न विचारलात, ज्यावर आमची वीस वर्षे गेली."

हा मुद्दा घरगुती आहे. जुन्या लाकडी कपाटाचा खण घ्या. कोरड्या दिवसांत तो बोटाने ओढला तरी सुरकन सरकतो. पावसाळ्यात लाकूड फुगते. आपण ओढतो, खण येत नाही. जोर वाढवतो, मनगट ताणते, खांदा ताणतो, खण जागचा हलत नाही. आणि मग एकाएकी तो सगळाच्या सगळा हातात येतो, आपण मागे पडतो आणि आतल्या सुया, बटणे, रिळे घरभर होतात. जमिनीतली भेगही या दोन्ही प्रकारची असते. काही तुकडे रोज थोडे थोडे सरकत राहतात. त्यांच्यात ताण फार साचत नाही. काही तुकडे जखडलेले असतात. दोन्ही बाजूंची जमीन दूरवर चालत राहते, पण भेगेपाशी पाऊल उचलत नाही. अशा वेळी मोजायला गेलात तर आकडा शून्य येतो. तोच सर्वांत वाईट आकडा!

जमिनीवर हे मोजणे फारसे कठीण नाही. डोंगरावर खडकात खुंटी ठोकायची, तिच्यावर उपग्रहांचे संदेश घेणारे जी.पी.एस. यंत्र ठेवायचे आणि वर्षानुवर्षे तिची जागा टिपत राहायचे. मिलिमीटरचा फरक कळतो. तुर्कस्तानात अशी ठिकाणे भरपूर आहेत. पण उपग्रहाकडून येणाऱ्या रेडिओलहरी पाण्यात शिरत नाहीत. मार्मरा सुमारे ऐंशी किलोमीटर रुंद. भेग पाण्याखाली, यंत्रे काठावर. म्हणजे नदीच्या दोन्ही तीरांवर उभे राहून मधल्या भोवऱ्याचा अंदाज घ्यावा, तशातला प्रकार.

इथे गणिती नमुने कामास येतात. संगणकात एक खोटा समुद्रतळ रचायचा. त्यात भेग घालायची. ती अमुक खोलीपर्यंत जखडली आहे असे धरायचे, आणि मग काठावरच्या खुंट्या किती सरकायला हव्यात ते काढायचे. उत्तर खऱ्या मोजमापाशी जुळले तर नमुना बरा. जुळले नाही तर गृहीत बदलून पुन्हा. ऐकायला सोपे आहे. अडचण अशी, की भेगेपासून वीस-तीस किलोमीटर दूर गेल्यावर जखडलेली भेग आणि सरकणारी भेग यांच्या खुणा जवळजवळ सारख्या दिसतात. फरक असतो तो भेगेच्या अगदी लगत, आणि तिथे तर पाणी! आमच्या धंद्यात याला म्हणतात, बेरीज जुळते, पण नोंदी पाहिल्याशिवाय सही करू नये. २०१४ साली काठावरच्या जी.पी.एस. यंत्रांवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की राजपुत्रांच्या बेटांजवळचा तुकडा जखडलेला आहे, पण त्याच्या पश्चिमेच्या मधल्या तुकड्यात ताण जवळजवळ साचतच नाही. दुसऱ्यांना हे पटेना. दोघांची गणिते बरोबर होती. तळाशी जाऊन पाहिल्याशिवाय निकाल लागणार नव्हता.

तळाचा चेहरा तोवर ठाऊक झाला होता. २००० साली 'ल सुर्वा' नावाच्या फ्रेंच जहाजाने ध्वनीच्या झोताने मार्मराचा तळ चितारून काढला होता. तेकिरदा, मधले आणि चिनारजिक असे तीन खोल खळगे पश्चिमेकडून पूर्वेकडे एका माळेत दिसले, प्रत्येक हजार मीटरहून खोल. आणि त्यांच्यामधून जाणारी भेगेची रेघ. चेहरा दिसला, पण नाडी कशी पाहायची?

उत्तर सापडले आवाजात. रेडिओलहरी पाण्यात मरतात, पण आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो, सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर. २०१४ च्या ऑक्टोबरात कील शहरातली जर्मन संस्था गेओमार आणि ब्रेस्तचे फ्रेंच शास्त्रज्ञ यांनी मिळून दहा यंत्रे मार्मराच्या तळावर सोडली. जागा, सिलिव्री आणि इस्तंबूल यांच्यामध्ये. खोली सुमारे ८०० मीटर. काही यंत्रे भेगेच्या या बाजूला, काही त्या बाजूला. मग त्यांचे संभाषण सुरू झाले. एक यंत्र हाक मारते, पलीकडचे 'ओ' देते. हाक आणि ओ यांमध्ये किती वेळ गेला त्यावरून दोघांतले अंतर. रात्रंदिवस, ऋतू कोणताही असो, अंधारात, महिनोन्महिने. मधूनमधून एखादे जहाज वर येते आणि आवाजानेच त्यांची वही मागून घेते. यंत्र वर काढावे लागत नाही.

मी विचारले, "मिलिमीटर कळतो?"

"कळावा लागतो," बाई म्हणाल्या. "नाहीतर वर्षाच्या दीड-दोन सेंटिमीटरचा हिशेब कसा करणार?"

यातली मेख मला फार आवडली. एक मिलिमीटर अंतर कापायला आवाजाला एका सेकंदाच्या दहालक्षांशाहूनही कमी वेळ लागतो. तेवढा वेळ मोजणारी घड्याळे आहेत. पण आवाजाचा वेग पाण्याच्या उष्णतेवर, खारेपणावर आणि दाबावर अवलंबून. तपमान अंशाच्या एका हजारांशाने जरी चुकले, तरी किलोमीटरमागे दोनेक मिलिमीटरची चूक होते. तेव्हा प्रत्येक यंत्राबरोबर तपमापक, दाबमापक आणि आपण चिखलात कलत तर नाही ना, हे पाहणारा कलमापकही असतो. माणसाने दुसऱ्याचे अंतर मोजताना स्वतःचा तोल तपासावा, अशी सोय माणसांत मात्र नाही!

मार्मराने इथे एक उपकार केला आहे. या समुद्रात पाण्याचे दोन थर आहेत. वर काळ्या समुद्राचे कमी खारट पाणी, खाली भूमध्य समुद्राचे खारट, जड पाणी. खालचा थर चौदा अंशांच्या आसपास असतो आणि उन्हाळा-हिवाळा त्याच्या गावी नसतो. आवाजाने अंतर मोजायला याहून चांगली शांत खोली कुठे मिळणार? या दोन थरांचा शोधही सुरस आहे. १६८० च्या सुमारास मार्सिली नावाचा एक इटालियन तरुण इस्तंबूलला होता. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत वरचा प्रवाह दक्षिणेला जातो, पण खालून उलटा प्रवाह वाहतो, असे त्याच्या कानी आले. त्याने काय केले? होडीतून शिसे बांधलेली एक दोरी सोडली आणि तिला अंतराअंतरावर पांढऱ्या रंगाची बुचे बांधली. वरची बुचे एका दिशेला गेली, खोलवरची दुसऱ्या दिशेला. दोरी, बुचे आणि चौकसपणा, एवढेच भांडवल. साडेतीनशे वर्षांपूर्वी!

बोट बेटाजवळ येत होती. मी मूळ प्रश्नावर आलो. "मग दहा यंत्रांनी काय सांगितले?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत काही नाही. अडीच वर्षे झाली, लाखो हाका मारून झाल्या, तरी काही नाही. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकल्याच नाहीत."

भेग मोकळेपणी सरकत असती, तर अडीच वर्षांत तीन-चार सेंटिमीटरचा फरक दिसायला हवा होता. यंत्रांना मिलिमीटर कळत होते. २०१९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या तुकड्यात ताण साचत नाही असे काठावरून वाटले होते, तो निदान यंत्रांना उमगते तेवढ्या खोलीपर्यंत जखडलेला निघाला. मग त्यांनी साधा त्रैराशिक मांडला. १७६६ पासूनची अडीचशेहून अधिक वर्षे, वर्षाला दीड-दोन सेंटिमीटर. निदान चार मीटरचे सरकणे थकले आहे. एवढी थकबाकी एकदम वसूल झाली, तर ७.१ ते ७.४ तीव्रतेचा भूकंप होऊ शकतो.

सगळा मार्मरा मात्र असा नाही. पश्चिमेकडच्या भागात जपानी आणि तुर्की शास्त्रज्ञांनी अशीच यंत्रे टाकली. तिथे भेग वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर सरकताना आढळली. म्हणजे निम्मा हप्ता भरला जातो, निम्मा थकतो. आणि पूर्वेला, आमची बोट ज्या बेटांकडे चालली होती त्यांच्या दक्षिणेला, २०१३ साली एक वेगळेच लक्षण नोंदले गेले. भेगेवर सहसा बारीकसारीक भूकंप सतत होत असतात, माणसाला न कळणारे. इथे मात्र तीस किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात, दहा किलोमीटर खोलीपर्यंत, ते बारीक भूकंपही होत नाहीत. अगदी शुकशुकाट. लहान मूल पलीकडच्या खोलीत बराच वेळ शांत असले म्हणजे घरातल्या बाईच्या मनात जे येते, तेच शास्त्रज्ञांच्या मनात आले. त्यांनी काठाभोवती तीनशे मीटर खोल विंधणविहिरी खणून त्यांत कान लावून ठेवले आहेत.

"परवाच्या भूकंपाने काही थकबाकी फिटली असेल?" मी आशेने विचारले.

"थोडी. पण ६.२ आणि ७.२ यांत एकाचा फरक दिसत असला, तरी शक्तीत तो जवळजवळ बत्तीसपट आहे. किरकोळ हप्ता समजा. आणि त्या हप्त्याने शेजारच्या तुकड्यावर थोडा बोजाही चढवला असेल."

शंभर रुपयांच्या कर्जात तीन रुपये जमा! त्या दिवशी जी गोष्ट आम्हांला टेबलाखाली घेऊन गेली, ती हिशेबात एवढीशी होती, हे ऐकून मी चहाचा पेला खाली ठेवला.

केव्हा, हे मात्र कुणी सांगत नाही. २००० साली टॉम पार्सन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित करून म्हटले होते, की पुढच्या तीस वर्षांत इस्तंबूलला जोराचा धक्का बसण्याचा संभव शेकडा ६२, अधिक-उणे १५. मला त्या '६२' पेक्षा 'अधिक-उणे १५' जास्त आवडले. आपल्या आकड्यात किती खोट असू शकते हे स्वतःच लिहून देणारा हिशेबनीस मला नोकरीच्या छत्तीस वर्षांत दोनदाच भेटला. पण सामान्य माणसाने त्या आकड्याचे काय करावे? शेकडा ६२ म्हणजे घर सोडावे का? शेकडा ३० असते तर राहावे का?

हा प्रश्न माझ्यासाठी कोरडा नव्हता. भूकंपाच्या दिवसापासून पुण्याहून बहिणीचा रोज सकाळ-संध्याकाळ फोन. "दादा, तू तिथे आहेस, तूच सांग तिला. म्हणावं, सामान बांधा आणि या." आणि भाचीचे म्हणणे असे, की सात वर्षांचा संसार, दोघांची नोकरी, हे काही सर्कशीचे तंबू नव्हेत. माय-लेकींच्या मध्ये मामा म्हणजे मार्मराच!

भाचीचे बिऱ्हाड ज्या इमारतीत आहे ती १९९९ च्या आधीची. खरा प्रश्न तोच आहे, असे बाईंनी बोटीवरच बजावले होते. भेग बदलता येत नाही, घर बदलता येते. १९९९ साली केंद्रापासून नव्वद-शंभर किलोमीटर दूर असूनही इस्तंबूलच्या अव्जिलार भागात इमारती पडल्या आणि शेकडो लोक मेले. तिथली जमीन मऊ होती आणि बांधकाम कच्चे. तेव्हापासून तिथे घर पाहायला जाणारा माणूस आधी विचारतो, 'झेमिन' कशी आहे? झेमिन म्हणजे आपली जमीन. शब्द इराणातून निघाला, एक वाट तिकडे गेली, एक इकडे आली.

मी तिथे असतानाच त्या इमारतीच्या मालकांची सभा भरली. विषय, जुनी इमारत पाडून नवी बांधावी का. भाडेकरू म्हणून जावई कोपऱ्यात बसले आणि पाहुणा म्हणून मी. भाषा कळत नव्हती, पण सभा पूर्ण कळली. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ जागेच्या मापावरून भांडत होते. तळमजल्यावरच्या दुकानदाराला दोन वर्षे धंदा बंद ठेवायचा नव्हता. एकाचा बिल्डरवर विश्वास नव्हता, दुसऱ्याचा पहिल्यावर. दादर काय, डोंबिवली काय आणि मोडा काय! २०२३ पासून तिकडे निम्म्याहून अधिक मालकांची संमती पुरते. पूर्वी दोन तृतीयांश लागत. तरी त्या संध्याकाळी एक मत कमी पडले. तेझे सर्वांत शेवटी उठल्या. त्यांचे घर त्यांच्या लग्नातले. त्या मतदानाला हात वर करतील असे कुणालाच वाटले नव्हते. त्यांनी काही भाषण केले नाही. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, हात वर केला आणि पिशवी उचलून पुन्हा खांद्याला लावली.

भाची आणि जावई आता उत्तरेकडे, भेगेपासून जरा दूर, खडकाळ जमिनीवरच्या नव्या इमारतीत राहायला गेले आहेत. भाडे जास्त आहे. कचेरीला जायला दीड तास लागतो. बहिणीचे समाधान निम्मेच झाले आहे. निम्मे थकलेले आहे.

या दिवाळीसाठी फराळाचा डबा पाठवायचा म्हणून बहिणीने परवा तिला फोनवर विचारले, काय काय घालू? भाची म्हणाली, "आई, चकल्या नको, मोडतात. लाडू थोडेच दे. पातळ पोह्यांचा चिवडा मात्र जास्त पाठव, दोन वेगळ्या पिशव्यांत. एक आम्हांला खायला, आणि एक दारामागच्या पिशवीत ठेवायला. तिथली बिस्किटे दर सहा महिन्यांनी बदलावी लागतात."

बहीण काही बोलली नाही. तिने दुसऱ्या पिशवीतल्या चिवड्यात खोबऱ्याचे काप घातले नाहीत. ते लवकर खवट होतात.